पाटे, बूश आणि चिखल

अंबरनाथ-बदलापूरकडचा माणूस घड्याळ बघतो ते लोकलसाठी. रस्ता त्याच्या लेखी स्टेशनापर्यंत पोचण्यापुरता असतो. पण स्टेशनाकडे पाठ करून चालायला लागलं की तासाभरात दुसराच मुलूख लागतो. एका अंगाला मलंगगड, चंदेरी आणि पुढे माथेरानपर्यंत गेलेली डोंगरांची रांग. दुसऱ्या अंगाला उल्हास नदी आणि तिला येऊन मिळणारी बारवी. मधल्या सपाटीवर भाताची खाचरं. या मुलखात डांबर संपतं तिथे खडी सुरू होते, खडी संपते तिथे मुरूम, आणि आषाढ नीट लागला की मुरूमही वाहून जातो. मग उरतो तो चिखल. त्याच्यापुढे पूर्वापार टिकले ते बैलाचे खूर, रेड्याची मान आणि जीपची चार चाकं. पुढे त्यांच्या रांगेत ट्रॅक्टर येऊन बसला, पण ट्रॅक्टरवर कुणी नवरदेवाची वरात काढत नाही. ती हौस जीपचीच.

जीपशी या भागाचं नातं जुनं आहे, आणि सहजासहजी लक्षात येत नाही असं आहे. जीप आणि उल्हासनगर ही एकाच महायुद्धाची पोरं. १९४० साली अमेरिकी सैन्याला एक हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. बँटम नावाच्या लहानशा कंपनीने पहिला नमुना उभा केला, मग विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर गाड्या काढल्या. त्याच वर्षांत इकडे कल्याणजवळच्या माळावर ब्रिटिशांनी लष्कराची छावणी वसवली. सैनिक यायचे, काही दिवस राहायचे, पुढच्या आघाडीवर जायचे. त्यांच्यासाठी लांबच लांब बराकी बांधल्या गेल्या. जीप काय आणि बराक काय, दोन्ही वस्तू घाईत बनवलेल्या. बनवणाऱ्यांनी युद्धापलीकडचा विचार फारसा केला असेल असं वाटत नाही.

मग फाळणी झाली. सिंधमधून आलेली कुटुंबं या रिकाम्या बराकींमध्ये उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि कल्याण कॅम्पाचं उल्हासनगर झालं. फाळणी तेवढ्यावर थांबली नाही, ती कंपनीच्या पाटीवरही झाली. १९४५ साली निघालेल्या महिंद्र अँड मोहम्मद या कंपनीतले गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ साली इथल्या पाटीवर महिंद्र अँड महिंद्र असं नाव आलं, आणि त्याच सुमारास मुंबईत माझगावला विलीजच्या जीपा जोडून रस्त्यावर यायला लागल्या. एक भागीदार कराचीला गेला आणि कराचीची माणसं कल्याणच्या माळावर आली. दोन्हीकडे हाती आलं ते युद्धाचं उरलेलं सामान.

त्या सामानाचं इथल्या लोकांनी काय केलं, ते बघण्यासारखं आहे. बराकीत आधी गोणपाटाचा पडदा लागला, मग पत्रा, मग विटेची भिंत. पुढच्या अंगाला दुकान निघालं, वर पोटमाळा चढला, पोटमाळ्यावर शिलाई मशीन बसली. आज उल्हासनगरात जुनी बराक शोधावी लागते, पण पत्त्यात बराक नंबर अजून टिकून आहे आणि रिक्षावाल्याला ‘कॅम्प चार’ सांगितलं की पुरे होतं. जीपचंही तेच झालं. लष्कराच्या लिलावातून निघालेल्या गाड्यांना कुणी कॅनव्हासचा हूड शिवला, कुणी मागे समोरासमोर बाकडी ठोकली. मूळचं सव्वादोन लिटरचं पेट्रोल इंजिन फार पितं म्हणून ते उतरवलं आणि त्या जागी मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलं. पुढे कंपनीनेच प्यूजोचं डिझेल इंजिन द्यायला सुरुवात केली. उंच बॉनेटचं सीजे-थ्री-बी मॉडेल अमेरिकेत १९६८ साली बंद पडलं, पण त्याच तोंडवळ्याच्या गाड्या आपल्याकडे पुढची कित्येक वर्षं निघत राहिल्या.

ही गाडी एवढी का टिकली, याचं उत्तर तिच्या खाली झोपल्यावर मिळतं. आरामाच्या गाडीत जे झाकलेलं असतं ते इथे उघड्यावर. पुढे एक आणि मागे एक असे दोन सरळसोट अ‍ॅक्सल, त्यांना जखडलेले कमानपाटे, पाट्यांवर शिडीसारखी चासी. मुख्य गिअरच्या दांडीशेजारी आणखी दोन लहान दांड्या. एक ओढली की पुढची चाकं कामाला लागतात, दुसरी ओढली की गाडी लो गिअरमध्ये जाते. लो गिअर हा सौदा आहे. वेग द्यायचा आणि ओढ घ्यायची. माणूस चालेल त्याहून हळू चालणारी गाडी गुडघाभर चिखलातून निघते ती याच सौद्यावर. युद्धातल्या विलीजमध्ये तर आणखी एक गंमत होती. तिचे दिवे बिजागरीवर बसवलेले, ते उलटे फिरवले की उजेड थेट इंजिनावर पडायचा. गाडी रात्री, आडरानात बंद पडणार आणि चालवणाऱ्यालाच ती उघडावी लागणार, हे ती काढणाऱ्याने आधीच गृहीत धरलं होतं. मला वाटतं, या गाडीतलं सगळ्यात शहाणं काय असेल तर ते हे. आपण कधी मोडणारच नाही, असा दावा ती करत नाही. मोडले तर हात घालायला जागा ठेवली आहे, एवढंच सांगते.

हात घालणारे मात्र लागतात, आणि ते उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तीन गावांत मुबलक आहेत. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका गल्लीत दोन दुकानांच्या मधे चिणलेलं गॅरेज आहे. पुढची चाकं काढून लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली एक जीप मी तिथे पाहिली. उस्ताद स्टुलावर बसून चहा पीत होते आणि त्यांचा हाताखालचा पोरगा पाटा उतरवत होता. आधी क्लॅम्पचे नट, गंजलेले, त्यांना डिझेल पाजलेलं. मग शॅकलची पिन. पिन निघेना तेव्हा त्याने तिच्या तोंडावर एक जुना सॉकेट धरला आणि घणाचे मोजून तीन ठोके दिले. पाटा जमिनीवर आला, तसा उस्तादांनी चहा ठेवला, मूळ पाट्याच्या डोळ्यात करंगळी घातली आणि गोल फिरवली. डोळ्यात बसवलेलं धातूचं नळकांडं, म्हणजे बूश, एका बाजूने पार झिजून कागदासारखा झाला होता. मालक म्हणाला, गाडी डावीकडे ओढते, स्टिअरिंग बघा. उस्ताद हसले. “स्टिअरिंग को हाथ मत लगाओ साईं, बेचारा तो शिकायत कर रहा है, बीमारी इधर है.”

नवा बूश अंबरनाथहून यायचा होता. अंबरनाथचा धंदाच धातूचा. शिलाहारांनी इसवी सन १०६० मध्ये पुरं केलेलं शिवमंदिर वालधुनीच्या काठी आहे, तेवढीच काय ती गावाची दगडातली ओळख. बाकी अर्ध्या शतकाहून जास्त काळ इथे ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे आणि एमआयडीसीत लेथ लावून बसलेली असंख्य लहान वर्कशॉपं आहेत. इथे घरोघरी कुणीतरी टर्नर, फिटर, मिलर. असा टर्नर गनमेटलचा तुकडा चकमध्ये धरतो, भुरी धातूची वलयं त्याच्या मनगटावर येऊन पडतात, आणि व्हर्नियर लावायच्या आधी तो अंगठा फिरवून मान डोलावतो. व्हर्नियर लावतो तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. जीपचा भाग कंपनीच्या खोक्यातून आला तर छानच, नाही आला तरी तिचं अडत नाही. ज्या गाडीचं अंबरनाथच्या लेथवर भागतं ती गाडी म्हातारी होते, पण मरत नाही.

असं हे यंत्र माणसांच्या कामाला कसं लागलं, ते मुरबाडच्या वाटेवर कळतं. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या, आणि सभापतींच्या मागोमाग त्यांची जीपही खेडोपाडी पोचली. पुढाऱ्याची ताकद त्याच्या दारातल्या जीपवरून जोखली जायची. तहसीलदार, फौजदार, देवीची लस टोचणारे, सगळे जीपमधून उतरत. पण सामान्य माणसाने जीप अंगाखांद्यावर घेतली ती पॅसेंजर भरणाऱ्या काळी-पिवळीच्या रूपाने. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून एसटी सुटते, पण एसटीच्या वेळा आणि गरजेच्या वेळा जुळतीलच असं नाही. जीपला वेळ नसतो, भरणं असतं. ड्रायव्हर तोंडाने ‘मुरबाड मुरबाड मुरबाड’ म्हणत असतो आणि हाताने माणसं रचत असतो. पुढे चौघं, मधे पाच, मागे किती ते मोजायचं नाही. गिअरची दांडी एका पॅसेंजरच्या गुडघ्यांमधून वर आलेली, त्यामुळे तिसरा टाकताना ड्रायव्हर “दादा, जरा पाय” म्हणतो आणि दादा सवयीने पाय घेतो. ड्रायव्हरचं स्वतःचं अर्धं अंग दाराबाहेर. टपावर कोंबड्यांची डाल, भाजीची पाटी, कुणाच्या तरी लग्नाचं कपाट. बेकायदा, धोक्याची, आणि तरी हजारोंच्या बाजारहाटाची, कोर्टकचेरीची, बाळंतपणाची सोय. डोंगराच्या अंगाला ठाकरांचे आणि कातकऱ्यांचे पाडे आहेत. तिथून आजारी माणसाला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणतात, आणि रस्ता म्हणजे पावसाळ्यात जीप जिथवर येते तो.

जीपच्या कौतुकात तिच्या मर्यादेचा विसर पडू नये, याची काळजी उल्हास नदी घेते. २६ जुलै २००५ ला तिने बदलापुरात पाणी घातलं. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पाण्यात उभी राहिली आणि हजारावर प्रवासी बोटींतून बाहेर काढावे लागले. तिथे जीप आणि गाभण म्हैस सारख्याच हतबल. जुने ड्रायव्हर हे जाणून होते. ओढा ओलांडायचा तर आधी काठी घेऊन उतरायचं, तळ चाचपायचा. पंख्याचा पट्टा काढून ठेवायचा, म्हणजे पंखा पाणी उडवून डेल्को, म्हणजे ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, भिजवत नाही. मग पहिला लो, एकाच लयीत रेस, मधे पाय उचलायचा नाही. पलीकडे गेल्यावर चार-सहा वेळा ब्रेक दाबून ड्रम सुकवायचे. आणि काठी बुडली तर परत फिरायचं. ही गाडी माणसाला धाडस शिकवते असं म्हणतात. माझ्या पाहण्यात तरी तिने जास्त शिकवला तो अदमास.

आता बदलापुरात टॉवरच्या खालच्या पार्किंगमध्ये महिंद्रच्या थार उभ्या दिसतात. थार २०१० साली आली, २ ऑक्टोबर २०२० ला नव्या अंगाने आली आणि १५ ऑगस्ट २०२४ ला पाच दरवाजांची झाली. वातानुकूलित, टचस्क्रीनवाली, पण तोंडवळा तोच. तो इतका तोच, की २०१८ साली महिंद्रने अमेरिकेत शेतावर आणि रानात चालवायची रॉक्सर काढली तेव्हा जीपवाल्यांनी हरकत घेतली आणि शेवटी तिचा चेहरा बदलावा लागला. नातू आजोळी गेला आणि आजोळच्यांनी त्याला तोंड बदलून ये म्हणून सांगितलं.

ही गाडी घेणारा पुष्कळदा तोच असतो, जो सकाळी लोकलच्या दारात एका पायावर उभा राहून दादरला जातो. हप्ते मोठे आहेत, गाडी आठवडाभर झाकून असते, आणि रविवारी पेट्रोलपंप, एखादा ढाबा, फार तर बारवीचा रस्ता. लोक त्याला हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. ज्याला दोन तास एक पाऊल इकडचं तिकडे टाकता येत नाही, त्याने आपल्या पार्किंगमध्ये कुठेही जाऊ शकणारी वस्तू बाळगावी, यात उघड तर्क आहे. जायला हवंच असं नाही, जाता येतं एवढं पुरतं. हरकत सुरू होते ती कोंडेश्वराच्या बाजूला कुणी भर पावसात चाकं थेट खाचरात घालतो तेव्हा. बांध फुटला की साठलेलं पाणी जातं आणि नुकती लावलेली आवणी उघडी पडते. रीलमध्ये उडणारा चिखल कुणाच्या तरी वर्षभराच्या भाताचा असतो. अशी रुतलेली गाडी बाहेर काढायला शेवटी त्याच शेतकऱ्याचा ट्रॅक्टर लागतो, आणि तो दोर बांधतो तेव्हा एक अक्षर बोलत नाही.

नव्या गाडीत दोष नाही. ती जुनीपेक्षा जास्त सुरक्षित आहे, चढ जास्त सहज चढते. फक्त तिच्या बॉनेटखाली करंगळी घालून रोग कळत नाही. तिथे सेन्सर असतात, वायरींचे जुडगे असतात, बिघाडाचा आकडा वाचायला यंत्र लागतं. म्हणून मघाच्या त्या गल्लीचं आता संपलं, असं म्हणायचा मोह होतो. पण परवा बघितलं तर उस्तादांच्या त्या हाताखालच्या पोराने मांडीवर स्कॅनर घेतला होता. तेलकट बोटांनी तो आकडे सरकवत होता, आणि स्कॅनरने दाखवलेला सेन्सर बदलायच्या आधी त्याची वायर कुठे घासली आहे ते बोटाने चाचपत होता. बराकीची माडी झाली, पेट्रोलचं डिझेल झालं, घणाच्या शेजारी स्कॅनर येऊन बसला. गाडीची मजबुती पोलादात असते त्याहून अधिक अशा गल्ल्यांत असते, असं मला वाटतं ते यामुळे.

आपल्याकडे गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, किती देते? डोंगर आणि नदीच्या मधे राहणाऱ्याने त्याआधी दुसरा विचारावा, हिचा बूश गेला तर बसवणारा किती लांब आहे? उत्तर ‘हे काय, कॅम्प चारला’ असं आलं तर खुशाल घ्यावी, रंग कुठलाही असो.