संच मोडल्यावर

आमच्या दिवाणखान्यातील ध्वनिसंच गेल्या आषाढात मुका झाला. असा संच पुष्कळ वाचकांच्या घरी असेल, निदान एके काळी असेल. पाच लहान स्पीकर, मंद्र स्वरांकरिता एक मोठा सबवूफर आणि या सर्वांस चालविणारे, चकत्या वाजविणारे एक यंत्र, असे सगळे कुटुंब एकाच पुठ्ठ्याच्या खोक्यातून घरी येते. आमचे हे कुटुंब २०१० साली, वेतनाच्या थकबाकीचा एक हप्ता हाती पडला त्या आनंदात आले. “एवढ्या पैशांत दोन कपाटे झाली असती,” असे आमची सौ. त्या वेळी म्हणाली होती. आणि घरात कपड्यांची अडचण भासू लागली म्हणजे आजही ती त्या वाक्याची आठवण करून देते.

दुरुस्तीवाल्याने यंत्र उघडले, आत डोकावून पाहिले आणि नाडी सोडून उठणाऱ्या वैद्याच्या चर्येने झाकण पुन्हा बसविले. “साहेब, याचा भाग आता मिळत नाही. सगळा संचच काढून टाका.”

“स्पीकरही बिघडले आहेत काय?” मी विचारले.

“स्पीकर ठणठणीत आहेत. पण ते याच यंत्राचे. दुसऱ्याला लागत नाहीत.”

खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हातातले वर्तमानपत्र किंचित खाली केले आणि पुन्हा वर धरले. ते काही बोलले नाहीत. पण नाना हल्ली बोलतच नसत.

पाच ठणठणीत जीव, केवळ त्यांचा कर्ता गेला म्हणून भंगारात घालावयाचे, हे माझ्या मनास काही केल्या पटेना. मी एक स्वतंत्र रिसीव्हर विकत आणला आणि हे जुने स्पीकर त्यास जोडावयाचे ठरविले. वस्तुतः या कामास मी सर्वस्वी अपात्र. मी इंग्रजी साहित्याचा अध्यापक. चार्ल्स लॅम्बने आपणास संगीताचा कान नसल्याची कबुली एका निबंधात दिली आहे. मजपाशी कान नाही आणि हातही नाही. तेव्हा महाविद्यालयातील माझ्या एका भौतिकशास्त्राच्या मित्रास मी शरण गेलो.

पहिली अडचण दाराशीच उभी होती. जुन्या संचाच्या तारांच्या टोकांस रंगीबेरंगी प्लास्टिकचे चपटे प्लग होते. ते त्या एका यंत्राखेरीज जगातील कोणत्याही भोकात शिरत नसत. नव्या रिसीव्हरच्या पाठीवर मात्र तांबड्या व काळ्या टोप्यांचे साधे मळसूत्री खुंट होते. त्यांस उघडी तार हवी.

“कापा,” मित्र म्हणाला.

“सगळे?”

“पाचही. प्लग गेले तरी तारेचे काही बिघडत नाही. टोकावरचे आवरण सोला, तांब्याला पीळ द्या आणि खुंटात आवळा. दोन खुंटांमधल्या तारा एकमेकींना शिवू देऊ नका, म्हणजे झाले. परंतु कापण्याआधी स्पीकरच्या पाठीवर काय लिहिले आहे ते वाचा.”

पाठीवर लिहिले होते ४ ओहम. रिसीव्हरच्या पाठीवर लिहिले होते ६ ओहम किंवा अधिक. या दोन आकड्यांतच सगळी गोम होती. स्पीकर विजेच्या प्रवाहास जो विरोध करतो त्याचे हे माप. विरोध निम्मा झाला म्हणजे तेवढ्याच दाबाखाली प्रवाह दुप्पट वाहतो. “तुमच्या रिसीव्हरला नाही म्हणता येत नाही,” मित्राने समजाविले. “समोरचा मागेल तितका प्रवाह तो देत राहील, तापेल, आणि मग स्वतःस वाचविण्यासाठी बंद पडेल. बंद पडला नाही तर जळेल.” जुन्या यंत्रास ही मागणी ठाऊक होती, त्याची घडणच त्या बेताने झालेली; नव्याचा काय अपराध? तारेत आणखी एखादा रोध घालावा काय, असे मी विचारले. त्याने मान हलविली. तशाने बरीच शक्ती उष्णतेत जाते आणि आवाजाचा तोलही बिघडतो. उपाय साधे होते: आवाज मध्यम ठेवावा, रिसीव्हर कपाटात कोंडू नये, त्याच्या डोक्यावर काही ठेवू नये, आणि त्यात कमी ओहमांच्या स्पीकरांकरिता निराळी सोय असल्यास ती लावून घ्यावी. थोडे जोरात वाजेल अशी आशा सोडली की संसार चालतो.

ओहम हे नाव ऐकताच माझ्यातील अध्यापक जागा झाला आणि संध्याकाळी चहाच्या वेळी मी घरच्या मंडळींस त्याचे चरित्र सांगितले. गेऑर्ग ओहम हा जर्मनीतील कोलोन येथे शाळेत शिकवीत असे. १८२७ साली त्याने आपला नियम ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, पण त्याच्या देशातील विद्वानांनी त्याचे स्वागत थंडपणे केले. तो इतका खिन्न झाला की त्याने नोकरी सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्यास कॉप्ली पदक दिले. म्युनिकच्या विद्यापीठात प्राध्यापकपद मिळावयास १८५२ साल उजाडावे लागले, आणि १८५४ मध्ये तो वारला. रोधाच्या मापास दिलेल्या त्याच्या नावास आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली ती १८८१ च्या पॅरिसच्या परिषदेत.

“शाळामास्तरच ना?” वर्तमानपत्रामागून आवाज आला. “मग त्याचे कोण ऐकणार!”

सगळे हसले. मीही हसलो, परंतु हसू ओठांवर असतानाच ते कोठेतरी बोचले. नानांनी वाईकडच्या एका शाळेत चौतीस वर्षे मास्तरकी केली होती.

रविवारी दुपारी मी पाचही प्लग कापले. कापल्यावर ध्यानात आले की प्रत्येक तार दोन पदरांची असून एका पदरावर बारीक पांढरी रेघ आहे. परंतु ती रेघ धन टोकाची की ऋण टोकाची, हे कोठेही लिहिलेले नाही. ही चूक लहान नव्हे. एका स्पीकरची टोके उलटी लागली तर एक हवा पुढे लोटतो त्याच क्षणी दुसरा मागे ओढतो, आणि दोघांचे खालचे स्वर एकमेकांस खाऊन टाकतात. मित्राचा दूरध्वनी लागेना. मी जमिनीवर तारांच्या जंजाळात बसून राहिलो.

नाना उठले. काठी न घेता आपल्या खोलीत गेले आणि परत आले ते आपल्या लहान रेडिओतील एक सेल हातात घेऊन. “पुढची जाळी काढ,” ते म्हणाले. मी काढली. “आता रेघेचा पदर सेलच्या टोपीला धर, दुसरा बुडाला. धरून बसू नकोस, नुसता शिवव. अन् पडद्याकडे बघ.”

दीड व्होल्टचा तो सेल शिवताच स्पीकरचा इवलासा पडदा टक् असा आवाज करून केसभर पुढे आला.

“पुढे आला ना? मग रेघ धनाची. मागे गेला असता तर उलट.”

“नाना, हे तुम्हांस कोठून ठाऊक?”

“शाळेत रेडिओ होता. गणपतीत लावायचे स्पीकर होते. बिघडले की तालुक्याला कोण नेणार? मीच बघत असे.” पाचही स्पीकर तपासून होईपर्यंत ते माझ्याशेजारी चटईवर बसून होते. नाना चैत्रात आमच्याकडे आले, त्यानंतर इतका वेळ आम्ही दोघे एका कामात कधी बसलो नव्हतो.

दिवेलागणीस रिसीव्हर सुरू केला. पंडित भीमसेन जोशींचे एक अभंगाचे ध्वनिमुद्रण लावले. आवाज आला, स्वच्छ आला. माझ्या मते सारे उत्तम होते. नाना मात्र मान तिरपी करून ऐकत राहिले. “अरे, तबलजीचा डावा हात कुठे गेला?”

खरेच, तबल्याची चाट खणखणीत होती, पण डग्गा जवळजवळ नव्हताच. आणि पंडितजींचा भरदार आवाजही छातीतून न येता गळ्यातून आल्यासारखा वाटत होता. मित्र रात्री आला तेव्हा उलगडा झाला. रिसीव्हरने दर सेकंदास ८० कंपनांखालचे स्वर तेवढे सबवूफरकरिता राखून बाकीचे सर्व या लहान स्पीकरांवर सोपविले होते. चार बोटे रुंदीच्या पडद्याकडून ती अपेक्षा करणे व्यर्थ. दीडशेच्या खाली त्यांचा श्वासच पुरत नाही. त्याने ती सीमा ८० वरून १५० वर नेली, आणि यादीत पाचही स्पीकरांपुढे ‘लहान’ अशी नोंद केली.

“आता त्यांना झेपेल तेवढेच त्यांच्याकडे जाईल. खालचे सगळे सबवूफरकडे.”

परंतु सबवूफर गप्पच होता. त्यालाही काही रोग नव्हता. नव्या रिसीव्हरच्या पाठीवर त्याच्यासाठी जी जागा होती, तीतून केवळ संकेत बाहेर पडतो, बळ नव्हे. हल्लीच्या सुट्या सबवूफरांच्या पोटात त्यांचा स्वतःचा प्रवर्धक असतो. ते निरोप घेतात आणि स्वतःच्या शक्तीने बोलतात. आमच्या सबवूफरच्या पोटात तसले काही नव्हते. “याची सगळी ताकद त्या जुन्या यंत्रात होती,” मित्र म्हणाला. “यंत्र गेले, म्हणून हा गप्प. याचे स्वतःचे काही बिघडलेले नाही.”

त्या वेळी मी नानांकडे पाहिले नाही, हे मला स्पष्ट आठवते. माझी आई गेल्या मार्गशीर्षात गेली.

त्यानंतर आम्ही नानांस पुण्यास आणले, आणि आणल्यावर आपले कर्तव्य झाले असे मानले. वेळेवर औषध, वेळेवर जेवण, संध्याकाळी बागेतील ज्येष्ठ मंडळींचा कट्टा, सारी जोडणी मी चोख केली होती. मग ते बोलत का नाहीत, याचे मला नवल वाटे, आणि खरे सांगावयाचे तर थोडा रागही येई. बरे वाटत नाही काय, असे मी डॉक्टरांकडून दोनदा तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, प्रकृती ठणठणीत आहे. नेमका हाच शब्द त्या दुरुस्तीवाल्याने वापरला होता.

आणि आणखी एक गोष्ट होती, जी मी कोणापाशी बोललो नव्हतो. वाईच्या घरी नाना पहाटे पाचास मोठ्याने विष्णुसहस्रनाम म्हणत, आणि चुलीपुढून आई मधूनमधून एखादे नाम त्यांच्या बरोबरीने उचलीत असे. आमच्याकडे आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी त्यांस म्हणालो होतो, “नाना, जरा हळू. भिंती पातळ आहेत, शेजारचे जागे होतात.” ते “बरे” म्हणाले. हळू म्हणणे त्यांना साधले नाही; तिसऱ्या दिवसापासून त्यांनी म्हणणेच सोडले. प्लग मी आषाढात कापले खरे. पण त्याच्या आधी हे एक कापून बसलो होतो, आणि तेथे तारेची कोणती बाजू कोणती, हे पाहण्याचीही तसदी घेतली नव्हती.

मित्राने आपल्या माळ्यावरचा एक जुना स्टीरिओ प्रवर्धक आणून दिला. रिसीव्हरचा संकेत त्यात, आणि त्याचे बळ सबवूफरला, अशी जोडणी झाली. चार-पाच दिवस कमी-अधिक करता करता तबलजीचा डावा हात जागेवर आला. पूर्वीइतका घुमत नाही. परंतु आहे हे कळते. सगळ्या खटपटीचा खर्च मोजता नवा संच आला असता, असे सौ. म्हणते, आणि कपाटांचा उल्लेखही करते.

त्या रात्री मी नानांच्या खोलीत जाऊन म्हणालो, “उद्यापासून पहाटे सहस्रनाम म्हणत चला.”

त्यांनी चष्मा काढून ठेवला. “शेजारी?”

“मी त्यांच्याशी बोलून घेतो.”

“आता सवय मोडली रे,” ते म्हणाले आणि दिवा मालवला.

तीन दिवस काही ऐकू आले नाही. चौथ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती पुटपुटण्याच्या आवाजाने. आवाज पूर्वीसारखा चढा नव्हता, मध्येच खंड पडत होता, आणि जेथे आई नाम उचलीत असे तेथे ते क्षणभर थांबत असावेत, असे मला वाटले. सौ. उठून चहा टाकावयास निघाली होती. मी तिला हाताने थांबविले, आणि आम्ही दोघे अंधारातच बसून ऐकत राहिलो.