त्रेसष्टातला तीन

दुसरीच्या वर्गात संख्यांचं श्रुतलेखन चाललं होतं. "त्रेसष्ट," मी म्हटलं. पुढच्या रांगेतल्या मुलीनं पाटीवर ३६ लिहिलं, थबकली, बोटानं सहा पुसला आणि पेन्सिल तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली.

"काय झालं गं?"

"बाई, आधी तीन ऐकू आला म्हणून तीन लिहिला. आता तुम्ही काय म्हणालात तेच आठवत नाही."

एकोणीस वर्षं मी पहिली-दुसरीला शिकवते आहे. त्यातली कितीतरी वर्षं अशा मुलांच्या वहीत "लक्ष दे" असा लाल शेरा मारत आले, याचं आज फार वाईट वाटतं. तिचं लक्ष पूर्ण होतं. ऐकलेलं मनात धरायचं आणि त्याच वेळी त्यावर काम करायचं, ही कार्यस्मृती. मानसशास्त्रज्ञ बॅडली आणि हिच यांनी १९७४ मध्ये तिची मांडणी केली. सहा-सात वर्षांच्या मुलाकडे मनातली ही जागा अगदी थोडी असते. त्रेसष्टात एककाचा अंक आधी ऐकू येतो आणि लिहायचा शेवटी; तोवर तो तीन सांभाळायचा. एकोणसाठ तर त्याहून कठीण. त्यात ना पाच ऐकू येतो, ना नऊ. साठातून एक काढून दोन्ही अंक मुलानंच घडवायचे!

जर्मनमध्येही एकक आधी बोलतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांवरचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या मुलांच्या जवळपास निम्म्या चुका अशाच उलटापालटीच्या होत्या.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' अशी रीत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला. गणित समितीच्या तत्कालीन अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं. त्रेसष्ट हवंच, बाजारात, एसटीत, आजीच्या तोंडी तेच आहे. पण तिथवर चढायला मुलाला मधली पायरी द्यायला काय हरकत आहे?

"वही काढा, तारीख घाला, समास आखा, पान चौतीस उघडा" हेही एका दमात सांगणं मी सोडलं आहे; इतकं सगळं एकदम मनात धरणं मुलांना जड जातं. एक सांगते, ते होऊ देते, मग दुसरं.

त्या मुलीपुढे मी काड्यांचा डबा ठेवला आणि संख्या पुन्हा सांगितली. तिनं दहा-दहाचे सहा गठ्ठे डावीकडे मांडले, तीन सुट्या काड्या उजवीकडे. ओठातल्या ओठात "साठ... तीन... त्रेसष्ट" म्हणाली आणि पाटी पुढे ओढली.