बाराच्या भावात

घरातली वस्तू गाडीत नेणे फार सोपे असते. उशी, छत्री, पाण्याचा कॅन, गणपती, सासूबाई, जे म्हणाल ते गाडीत जाते आणि सुखाने बसते. उलटा प्रवास मात्र कठीण. गाडीतली वस्तू घरात आणायची म्हटली की तिचे मानपान सुरू होतात. त्यातही गाडीतला टेप, ज्याला हल्ली कार स्टीरिओ म्हणतात, तो म्हणजे अस्सल वरपक्षाकडचा पाहुणा. त्याला घरातले २३० व्होल्ट चालत नाहीत, १२ लागतात. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे हेलकावे खाते. ह्याला एकाच दिशेने जाणारी, सरळमार्गी वीज लागते. बरे, बाराच व्होल्ट मागतो म्हणून मिताहारी समजावा, तर तसेही नाही. रंगात आला की अँपिअरच्या अँपिअर फस्त करतो.

हे ज्ञान मला आमच्या दादामुळे झाले. दादाची मारुती आठशे गेल्या वर्षी बाराच्या भावात गेली. भंगारवाल्याने तिच्याकडे वांग्याच्या टोपलीकडे बघावे तसे बघितले आणि किंमत सांगितली. दादाने घासाघीस केली नाही. एवढेच म्हणाला, "टेप आणि मागचे दोन स्पीकर मी काढून घेणार."

"काय करायचंय त्याचं?" वहिनी म्हणाली. "भाऊजी, तुम्ही तरी सांगा ह्यांना. बाजारात मुठीएवढा ब्लूटूथचा डबा मिळतो. ओरडतो केवढा!"

मी सांगितले नाही, कारण मला ठाऊक होते. डोळ्यांच्या दुखण्यानंतर दादाचे गाडी चालवणे बंद झाले होते. तरी रोज संध्याकाळी साडेसातला तो किल्ली घेऊन खाली जायचा, सोसायटीच्या आवारात उभ्या गाडीत बसायचा आणि तासभर विविध भारती ऐकायचा. गाडी जागची हलायची नाही. वॉचमन आधी घाबरला, मग सलाम करू लागला. दोन खोल्यांच्या घरात टीव्ही वहिनीचा, टेबल पुतण्याचा, खिडकी मांजराची. दादाच्या मालकीची खोली म्हणाल तर तीच, चार चाकांवरची.

तर टेप घरात आला आणि त्याला वीज पाजण्याचे प्रयोग सुरू झाले.

पहिला सल्ला शेजाऱ्यांचा. त्यांच्याकडे नातवाच्या खेळण्याचा एलिमिनेटर होता. त्यावर स्वच्छ लिहिले होते, १२ व्होल्ट. जोडला. दिवा लागला, निवेदिका बोलली, दादाचा चेहरा उजळला. त्याने आवाज मोठा केला मात्र, तबल्याच्या पहिल्याच थापेला सगळे अंधारले. पुन्हा दिवा, पुन्हा थाप, पुन्हा अंधार. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "बाबा, व्होल्ट म्हणजे गच्चीवरच्या टाकीची उंची आणि अँपिअर म्हणजे नळातून येणारं पाणी. हा एलिमिनेटर अर्ध्या अँपिअरचा आहे. टाकी उंचावर आहे, पण नळ सलाइनचा लावलाय."

टेपच्या तोंडावर '५० वॅट गुणिले ४' असे सोनेरी अक्षरांत लिहिलेले होते. म्हणजे २०० वॅट. पाठीमागचा फ्यूज मात्र १० अँपिअरचा. चालत्या गाडीत फार तर १४ व्होल्ट मिळतात. गुणाकार केला तर आत जातात १४० वॅट आणि बाहेर येणार २००! हे फक्त टेपला आणि लग्नाच्या पंगतीच्या हिशोबालाच जमते. पुतण्याच्या मते एकेका स्पीकरला सलग मिळायचे ते पंधरा-वीस वॅट, बाकीचे सोनेरी शाईचे.

दुसरा सल्ला वॉचमनचा. "साहेब, गाडीचीच बॅटरी वर आणा की." कल्पना सोपी होती. पण वहिनी रसायनशास्त्राची माजी शिक्षिका. "त्या डब्यात सल्फ्युरिक ॲसिड आहे," ती म्हणाली. "चार्ज करताना हायड्रोजन निघतो. आणि तुम्ही ती ठेवणार कुठे? देवघराखाली! वर निरांजन, खाली हायड्रोजन. मग आरती कुणी म्हणायची?" ठराव एकमताने फेटाळला गेला.

तिसरा मार्ग शास्त्रोक्त. दादा आणि मी बुधवारात पासोड्या विठोबापाशी गेलो. विजेची सुटी कोडी मिळण्याचे पुण्यातले ते जुने क्षेत्र. दुकानदाराने मान वर न करता एक ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि मोसंब्याच्या ज्यूसच्या पेल्याएवढा कपॅसिटर पुढे ठेवला. "नुसता ७८१२ घालून चालेल का?" असे मी पुतण्याने पढवल्याप्रमाणे विचारले. "एक अँपिअर देतो. घड्याळ चालवायचंय का?" एवढेच उत्तर मिळाले. उरलेले ज्ञान घरी येऊन झाले. ट्रान्सफॉर्मरचे १२ व्होल्ट हे सरासरीच्या हिशोबाचे असतात. त्यांचा शेंडा जातो १७ पर्यंत. चार डायोड मिळून हेलकावणारी वीज एका दिशेला वळवतात, कपॅसिटर तिच्यातले खड्डे भरतो. पण खड्डे भरण्याचे काम आपल्याकडे कधी पुरे होते? जे उरले त्यातून १०० आवर्तनांची घूं घूं येऊ लागली. दादाला वाटले, गाण्याआधी तंबोरा लागलाय. दहा मिनिटे तो गायकाची वाट बघत बसला.

शेवटी उपयोगी पडले ते माळ्यावरचे संगणकाचे धूड. त्याच्या पोटात एसएमपीएस नावाचा डबा असतो. तो एरवी झोपलेला असतो. हिरवी तार काळीला जोडली की जागा होतो. मग पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट, आणि ह्या डब्यावरच्या चिठ्ठीप्रमाणे तब्बल १६ अँपिअर. टेपचीही पिवळी तार बारा व्होल्टांची आणि काळी परतीची. पिवळीला पिवळी, काळीला काळी, पत्रिका छान जुळत होती. पण टेपची लाल डब्याच्या लालला द्यायची नाही. तिथे ५ व्होल्ट असतात. लाल म्हटले की मंगळ आडवा येणारच. पुतण्याने लालही पिवळीशी बांधली, मध्ये फ्यूज टाकला, उघड्या जागा झाकल्या, तीन पिनांचा प्लग लावला.

टेप गाऊ लागला, पण पत्र्याच्या आवाजात. उघड्या स्पीकरच्या पुढून निघणारा आवाज आणि मागून निघणारा आवाज एकमेकांना खोडून काढतात, खर्ज तर मुळीच उरू देत नाहीत. गाडीत मागचा आवाज डिकीत कोंडलेला असतो. आता डिकी कुठून आणायची? मग मला जुनी केशकर्तनालये आठवली, जिथे कोपऱ्यात माठाच्या तोंडावर स्पीकर पालथा घातलेला असे. कुंभाराकडून दोन माठ आणले. माठाला आपण उगीच माठ म्हणतो. त्या संध्याकाळी घरात सर्वांत हुशार तेच ठरले.

ह्या खटाटोपात एक गंमत वाचनात आली. पॉल आणि जोसेफ गॅल्व्हिन ह्या भावांनी १९२८ साली शिकागोत कारखाना काढला. त्यांचा पहिला माल म्हणजे बॅटरीवरचा रेडिओ घरच्या विजेवर चालवणारा बॅटरी एलिमिनेटर! पुढे १९३० साली त्यांनी गाडीतला रेडिओ काढला आणि त्याचे नाव ठेवले मोटोरोला. रेडिओ गाडीत नेण्याआधी त्यांना एलिमिनेटरच करावा लागला होता. दादाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मी त्यांच्याच रस्त्याने उलटा आलो."

एक अडचण राहिली होती. गाडीत पिवळी तार कायम जिवंत असते. तिच्यावर टेपची स्मरणशक्ती चालते. लाल तार किल्लीबरोबर जागी होते. घरात दोन्ही एकत्र बांधलेल्या, आणि वहिनीला रात्री सगळी बटणे बंद करायची सवय. रोज सकाळी टेप सगळी स्टेशने विसरलेला. तेव्हा पुतण्याने लाल तार सोडवली आणि दादाने जुन्या बाजारातून गाडीचा एक किल्लीचा स्विच आणला, तो मध्ये बसवला. डब्यातला पंखा दिवसभर घुरघुरतो. दादा म्हणतो, गाडी न्यूट्रलमध्ये आहे. भिंतीवरच्या बटणावर आता वहिनीच्या अक्षरात चिठ्ठी आहे, 'बंद करू नये'.

परवा साडेसातला मी तिथेच होतो. दादाने गॅलरीत खुर्ची टाकली, किल्ली फिरवली. वहिनीने टीव्ही बंद केला, आतून दुसरी खुर्ची आणली आणि दादाच्या डाव्या हाताला ठेवली. उजवीकडे भरपूर जागा होती, पण पंचवीस वर्षे ती डावीकडेच बसत आली आहे.

"कुठवर जायचंय?" तिने विचारले.

"साडेआठपर्यंत," दादा म्हणाला.