रांगेचे त्रैराशिक

रांग ही वस्तू आपणां मराठी माणसांना नवी नाही. आषाढीच्या दिवसांत पंढरीची दर्शनबारी गोपाळपुरापर्यंत जाऊन पोहोचते आणि तीत उभे राहणारा वारकरी तक्रार करीत नाही, कारण त्याच्या दृष्टीने बारी हाच दर्शनाचा पूर्वभाग असतो. ज्याला तेवढा वेळ नाही त्याच्यासाठी मुखदर्शनाची वेगळी वाट आहे. परंतु करमणुकीच्या जागी रांग लागली की हीच माणसे अस्वस्थ होतात, आणि त्यात त्यांचे काही चुकते असेही नाही. तिकिटाचे पैसे संपूर्ण दिवसाचे मोजलेले असतात. उभे राहण्यात गेलेला प्रत्येक तास त्यातून वजा होतो.

अशा उद्यानांचा आणि रांगांचा संबंध जन्मापासूनचा आहे. कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले, त्या पहिल्याच दिवशी बनावट निमंत्रणपत्रिका घेऊन माणसे आत शिरली आणि अपेक्षेहून कितीतरी अधिक गर्दी झाली. पुढे १९९९ मध्ये डिस्नेने वेळ नेमून देणारी चिठ्ठी देण्याची पद्धत सुरू केली. आपल्याकडे दिल्लीचे अप्पूघर १९८४ मध्ये आणि गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले. आज ती दोन्ही बंद आहेत. महाराष्ट्रात सध्या या प्रकारातले मोठे नाव म्हणजे खोपोलीजवळचे इमॅजिका. २०१३ मध्ये सुरू झालेले हे उद्यान पालीच्या बल्लाळेश्वराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. आमच्या सरकारी मराठी शाळेची सातवीची सहल जानेवारी २०२४ मध्ये तेथे गेली.

बेळगावहून निपाणी, कोल्हापूर, सातारा, पुणे आणि मग बोरघाट उतरून खोपोली, असा हा सुमारे चारशे किलोमीटरांचा रात्रीचा प्रवास. मुले बेचाळीस, शिक्षक आम्ही तिघे. मुलांचे पालक बहुतेक विणकर, गवंडी आणि शेतमजूर. जून महिन्यापासून दर शनिवारी दहा-वीस रुपये शाळेच्या वहीत जमा होत होते, आणि काही नावांपुढे पाच रुपयांचाही आकडा होता. यांपैकी अनेकांना तेथे दुसऱ्यांदा जाणे घडणार नाही हे ते जाणत होते, आणि आम्हीही. त्यामुळे ‘जे मिळेल ते पाहू’ असे म्हणून बसमध्ये बसणे मला प्रशस्त वाटले नाही. सहलीच्या पंधरा दिवस आधी आम्ही उद्यानाचा नकाशा मिळवून तो फळ्यावर काढला आणि विचाराला प्रारंभ केला.

रांगेचे शास्त्र खरोखरीच आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील एर्लांग या गणितज्ञाने १९०९ मध्ये त्याचा पाया घातला, आणि १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी एक साधे सूत्र सिद्ध केले. त्याचा शाळेच्या भाषेतला अर्थ असा : आपल्यापुढे किती माणसे आहेत त्यास दर तासाला किती माणसे आत जातात याने भागावे, म्हणजे थांबण्याचा काळ निघतो. समजा, एका गाडीत वीस जण बसतात आणि दर तीन मिनिटांनी गाडी सुटते. म्हणजे तासाला चारशे. पुढे दोनशे माणसे असतील तर अर्धा तास. हे आपले जुने त्रैराशिकच होय. सातवीच्या मुलांना ते एरवी रुचत नाही, पण त्या पंधरवड्यात त्यांनी अशी शेकडो उदाहरणे स्वतः रचून सोडवली.

या गणितातून पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही की, लांब रांग म्हणजे मोठा खोळंबा असे समीकरण नाही. मोठ्या चित्रगृहासारख्या खेळात एका वेळी पुष्कळ माणसे आत जातात. तेथील भली मोठी रांग एका फटक्यात गिळली जाते. उलट ज्या पाळण्यात थोडी माणसे बसतात आणि ज्यावर सर्वांचे डोळे असतात, तेथे चाळीस माणसांची रांगही मुंगीच्या पावलाने सरकते. म्हणून मागणी मोठी आणि सामावणूक थोडी असे खेळ सकाळी प्रथम घ्यावेत. पोट मोठे असलेले खेळ दुपारच्या गर्दीसाठी राखून ठेवावेत. दुसरी गोष्ट मनुष्यस्वभावाची. फाटकातून आत शिरलेला माणूस समोर जे पहिले दिसते तेथेच उभा राहतो. यास्तव आरंभी थेट दूरच्या टोकाला जावे आणि तेथून माघारी यावे. बाजारहाट करणाऱ्या गृहिणींना हे तत्त्व सांगावे लागत नाही. आमच्या बेळगावात भाजी घेणाऱ्या जाणत्या बाया मंडईच्या तोंडाशी कधी भाव करीत नाहीत.

तिसरी गोष्ट मात्र मुलांनीच दाखवून दिली. बेचाळीस जणांचा ताफा एकदम जेथे जाईल तेथे रांग आपोआप निर्माण होईल. शेवटच्या मुलापुढे आपलीच एकेचाळीस मुले उभी असतील. तेव्हा चौदा-चौदांचे तीन गट करायचे ठरले.

गट कसे पाडावे, यावर आमच्यात थोडा वाद झाला. नायट्रो नावाची जी मोठी गाडी आहे, ती स्विस बनावटीची, पायांखाली तळ नसलेली, सुमारे चाळीस मीटर उंचीवरून झेपावणारी आणि पाच वेळा माणसाला उलटे करणारी आहे. तिला, आणि इतर अनेक पाळण्यांना, उंचीची अट असते. सातवीतील मुलांत कोणी वीतभर वाढलेला तर कोणी अजून चौथीतला वाटावा असा. आमच्याकडे आरोग्य-तपासणीतील उंचीची नोंद होती. तीवरून उंच मुलांचा एक गट करणे सोपे होते. आमच्या बाईंनी त्यास विरोध केला. वर्षभर एका बाकावर बसणाऱ्या मैत्रिणींना उंचीवरून दिवसभर वेगळे करायचे, तर सहल कशाला न्यायची, असे त्यांचे म्हणणे होते. ते मला पटले. शेवटी असे ठरले की गट मैत्रीचे. फक्त पहिल्या तासात तिन्ही गटांतील उंच मुले माझ्याबरोबर नायट्रोकडे जातील आणि उरलेली मुले त्याच वेळी बाईंबरोबर गोल्ड रश एक्स्प्रेस या त्यामानाने सौम्य गाडीकडे वळतील. तेथेही तेव्हा गर्दी नसणार. नंतर सारे आपापल्या गटांत.

बस पोहोचल्यावर घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगांची चटणी बसपाशीच खाऊन झाली. तिकिटे आधी घेतली असल्याने फाटक उघडण्यापूर्वी पाऊण तास आम्ही पुढे उभे होतो. वार गुरुवार होता. शनिवार-रविवार, दिवाळी आणि नाताळची सुटी टाळली की निम्मे काम झालेच म्हणून समजावे.

नायट्रोच्या दाराशी उंचीची पट्टी असते. एक मुलगा तिथे बोटभर कमी भरला. शाळेच्या नोंदीतही तो कमीच होता, परंतु वडिलांनी जाड तळव्याचे नवे बूट घेऊन दिले होते आणि त्यांवर त्याची भिस्त होती. तेथील माणसाने बूट काढायला लावून पुन्हा मोजले आणि मान हलवली. नियम रास्तच आहे, खांद्यावरचा अडसर नीट बसायला हवा. मुलगा रडला नाही. ‘‘सर, तुम्ही जावा, मी इथंच थांबतो,’’ एवढेच म्हणाला. मी माझ्याऐवजी आमच्या तरुण सहशिक्षकांना मुलांबरोबर धाडले, माझे मनगटी घड्याळ त्याच्या हाती दिले आणि गाडी किती मिनिटांनी सुटते ते मोजायला सांगितले. पंधरा-वीस मिनिटांनी त्याने मला दर गाडीतली माणसे आणि दोन गाड्यांमधले अंतर तळहातावर लिहून दाखवले. पुढे दिवसभर तिन्ही गटांतील मुले कोणत्याही रांगेपाशी आली की प्रथम त्याला शोधीत. त्याने ‘‘चाळीस मिनिटं’’ म्हटले की मंडळी पुढे चालू लागत, ‘‘दहा’’ म्हटले की उभी राहत.

दुपारी एक ते दोन या वेळात लोक जेवायला जातात. तेव्हा आम्ही पाळण्यांवर होतो आणि अडीचला जेवलो. राजासोरस ही पाण्यातून होड्यांनी जाणारी सफर ऊन असतानाच घ्यावी, कारण शेवटच्या उडीत अंग भिजते आणि कपडे वाळायला दोन तास हवेत. जाता जाता सांगावयाचे म्हणजे हे नाव कल्पित नाही. गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोली येथे सापडलेल्या अवशेषांवरून या डायनोसोराला २००३ मध्ये ‘राजासोरस नर्मदेन्सिस’ असे नाव देण्यात आले. बडोद्याकडील वाचकांना ते स्थान सहज पाहता येईल. आमच्या मुलांना ते होडीतच सांगण्याचा माझा प्रयत्न मात्र पाण्याच्या आवाजात बुडाला.

जेवणानंतर ‘आय फॉर इंडिया’. आसनावर बसून देशातील स्थळे आकाशातून पाहायची असा हा खेळ आहे. तेथे पुष्कळ माणसे एकदम मावतात, पोटात अन्न असताना तो सोसवतो आणि रात्रभर न झोपलेल्यांना थोडा विसावाही मिळतो. जादा पैसे भरून रांग टाळण्याची वेगळी तिकिटेही अशा ठिकाणी असतात. आमच्या वहीतील शिल्लक पाहता तो विषय आम्ही काढलाच नाही.

संध्याकाळी मिरवणूक निघते. त्या वेळी सारे लोक रस्त्याच्या कडेला असल्यामुळे पाळणे ओस पडतात, असे आमच्या फळ्यावरील आराखड्यात ठळक अक्षरांत लिहिले होते. परंतु वाद्ये वाजू लागताच बहुसंख्य मुलांनी तेथेच बसकण मारली आणि बाईही त्यांच्यात बसल्या. मी आग्रह धरला नाही. अकरा मुले तेवढी नायट्रोकडे धावली. त्यांच्याबरोबर तो मोजणीचा मुलगाही गेला आणि परत येऊन त्याने मला सांगितले की, पुढे अवघी पंधरा माणसे होती, म्हणजे पहिल्याच गाडीत त्यांतल्या काहींना जागा मिळाली. घड्याळ त्याने बसमध्ये बसल्यावर परत दिले.