जागा भरावयाची आहे

विद्यापीठाच्या वार्तापत्रात सामान्यतः दोन सदरे असतात. एक होऊ घातलेल्या कार्यक्रमांचे, दुसरे अध्यापकवर्गातील नेमणुका, बढत्या, रजा आणि निवृत्ती यांचे. पहिले सदर सर्वजण वाचतात, कारण त्यात तारीख, वेळ आणि बहुधा चहापानाचा उल्लेख असतो. दुसरे वाचतात ते ज्यांचे नाव त्यात आले आहे ते, आणि ज्यांचे यावयास हवे होते ते. आम्ही मात्र व्यवसायाच्या खोडीमुळे दुसऱ्या सदरापासूनच आरंभ करतो. कोणताही दस्त हाती आला की आधी शेवटचे पान उलटावे, सही कोणाची व मुदत किती ते पाहावे आणि मग मजकुराकडे वळावे, असे आमच्या ज्येष्ठांनी आम्हांस शिकविले. मजकूर गोड असतो. मुदत खरे बोलते.

बडोद्यात या खोडीस खाद्य पुष्कळ. सयाजीगंजातून महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या आवारात शिरले की चिझम या इंग्रज स्थापत्यकाराने उभारलेला जुन्या बडोदे कॉलेजचा घुमट समोर येतो. त्याच्या सावलीत वर्षभर काही ना काही होऊ घातलेलेच असते. पदवीदान, परिसंवाद, नवरात्रात ललितकला शाखेतला गरबा, वर्षाखेरीस विद्यार्थ्यांच्या कामाचे प्रदर्शन. पूर्वी हे सारे फळ्यावर खडूने लिहीत; आता ते भ्रमणध्वनीवर येऊन आदळते. कार्यक्रमांचे सदर दिवसेंदिवस पुष्ट होत आहे, याबद्दल कोणाचे दुमत होणार नाही. प्रश्न दुसऱ्या सदराचा आहे.

हे विद्यापीठ जन्मले तोच प्रसंग कायद्याच्या विद्यार्थ्याला मोह पाडील असा. 1949 चा बडोदे कायदा क्रमांक 17 या अन्वये ते 30 एप्रिल 1949 रोजी अस्तित्वात आले, आणि दुसऱ्याच दिवशी, 1 मे रोजी, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. जाणाऱ्या सत्तेने निघता निघता घराची किल्ली कोणाच्या तरी हाती द्यावी, तसे हे झाले. आणि हाती दिली ती कोणाच्या? पहिल्या कुलगुरू झाल्या हंसा मेहता. स्त्रीपुरुषांच्या एकत्र शिक्षणाच्या भारतीय विद्यापीठात त्यापूर्वी कोणतीही स्त्री त्या आसनावर बसली नव्हती. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातील पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघणारा शब्द होता. तो काढून 'सर्व मानव' असा करावा, हा आग्रह याच बाईंचा. एका शब्दासाठी भांडणारी व्यक्ती प्रथमपदी आली ही नेमणूक आम्हांस फार आवडते. 1949 चा तो कायदा मात्र आता इतिहासजमा झाला. गुजरात विधानसभेने 2023 मध्ये राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांसाठी एकच कायदा केला, आणि संस्थानाच्या अखेरच्या दिवसांतील ती संहिता आमच्या कपाटात राहिली आहे, संदर्भापुरती.

जागा म्हणजे काय, हे समजून घ्यावयाचे असेल तर प्राच्यविद्या मंदिराकडे वळावे. 1927 मध्ये स्थापन झालेली ही संस्था पुढे विद्यापीठाचा भाग झाली. तेथे 1951 मध्ये वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे काम हाती घेण्यात आले. काम सांगावयास सोपे: देशाच्या निरनिराळ्या भागांतून, निरनिराळ्या लिप्यांतून हस्तलिखिते मिळवावयाची, एकेक श्लोक ताडून पाहावयाचा, कोणता पाठ जुना आणि कोणता मागाहून शिरला ते ठरवावयाचे, आणि सोडलेला प्रत्येक पाठ तळटिपेत प्रामाणिकपणे नोंदवावयाचा. आमच्या न्यायालयात एका मृत्युपत्राच्या दोन प्रती निघाल्या तर वर्ष दोन वर्षे सहज जातात. येथे एकेका कांडाच्या कितीतरी प्रती, आणि साक्षीला कोणीही जिवंत नाही. बालकांड 1960 मध्ये बाहेर पडले, उत्तरकांड 1975 मध्ये. आरंभी प्रमुख संपादक होते गो. ह. भट्ट, अखेरचा खंड निघाला तेव्हा त्या स्थानी उमाकान्त शाह होते. मधल्या खंडांवर मांकड, झाला, दिवाणजी यांची नावे आहेत, आणि अयोध्याकांड व युद्धकांड यांवर परशुराम लक्ष्मण वैद्य यांचे.

चोवीस वर्षे! या काळात मुंबई राज्य गेले, गुजरात राज्य आले, कुलगुरू बदलले, संपादकही बदलले. पण टेबल हलले नाही. खंडांच्या मुखपृष्ठावर पाच सहा नावे झळकतात. पाठ ताडून पाहणाऱ्या, नक्कल उतरवून घेणाऱ्या ज्या पंडितांच्या बळावर ते झळकतात, त्यांची नावे दुसऱ्या सदरातच शोधावी लागतील. हे सारे लोक अधिक विद्वान होते किंवा अधिक त्यागी होते, असे आम्ही म्हणत नाही. पुढच्या जूनमध्ये आपण याच खुर्चीवर असू एवढे त्यांना ठाऊक होते. अरण्यकांडातील एका संशयास्पद श्लोकाचा निकाल पुढच्या वर्षी लावू, असे तोच म्हणू शकतो ज्याला पुढचे वर्ष आहे.

बडोद्याच्या सर्वच नेमणुका अशा सुघटित होत्या असे मात्र कोणी समजू नये. अरविंद घोष 1893 मध्ये येथे नोकरीस आले ते जमाबंदीच्या कचेरीत. कॉलेजात फ्रेंच व इंग्रजी शिकविणे मागाहून आले. विलायतेत वाढलेल्या या बंगाली गृहस्थाने बंगालीचा खरा अभ्यास केला तो बडोद्याच्या वास्तव्यात, आणि त्याच्या जोडीला संस्कृत, मराठी, गुजराती. 1906 मध्ये ते गेले. नोकरीने त्यांना काय दिले, असे कोणी विचारले तर आम्ही म्हणू, वेळ.

गोमंतकीय वाचकांना साखवाळच्या धर्मानंद कोसंबींची गोष्ट सांगण्याची आवश्यकता नाही. तरी तिच्यातील कराराचा भाग आम्हांस सांगू द्यावा, कारण इतका सुटसुटीत करार आम्ही दुसरा पाहिलेला नाही. महाराष्ट्रात कोठेही राहावे, बडोदे सरकारने दरमहा पन्नास रुपये द्यावेत, आणि कोसंबींनी वर्षाकाठी एक ग्रंथ लिहून द्यावा. बस्स. कलकत्त्यातील अधिक वेतनाचे पालीचे अध्यापन सोडून कोसंबींनी हे पन्नास रुपये पत्करले, कारण आपल्या लोकांना आपल्या भाषेत बुद्ध सांगावयाचा होता. बडोद्यात त्यांची व्याख्याने झाली आणि 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे लहानसे पुस्तक त्यांतून निघाले. म्हणजे कार्यक्रम झाला तोही जागेच्या पोटातून. हजेरीपट नाही, दरमहा अहवाल नाही, 'सक्षम अधिकाऱ्याच्या समाधानास पात्र राहून' असले शेपूट नाही. आम्ही तो करार तपासला असता तर चार कलमे घालून बहुधा बिघडविला असता.

आणि ज्या राज्याने हे केले त्याच राज्यात 1917 मध्ये दुसरी नेमणूक अशी फसली की तिची आठवण आजही कमाटीबागेत उभी आहे. बाग विद्यापीठापासून हाकेच्या अंतरावर. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क आणि लंडन येथे शिकून डॉ. आंबेडकर दहा वर्षे सेवा करण्याचा करार पाळावयास बडोद्यास आले. जागा होती, वेतन होते, महाराजांची मर्जी होती. नव्हते ते राहावयास घर. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिलेल्या या विद्वानाला अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. दुसरीकडे कोणी थारा दिला नाही, आणि ते मुंबईस परत गेले. नेमणुकीच्या पत्रात जे लिहिलेले नसते त्यावर नेमणूक उभी असते, हे आम्हांस कायद्याच्या कोणत्याही ग्रंथाने इतक्या स्पष्टपणे शिकविले नाही.

ललितकला शाखेचे सांगावयाचे तर दोन्ही सदरांचा तेथे जितका रम्य संगम झाला तितका अन्यत्र क्वचित झाला असेल. 1950 साली शाखा निघाली. नारायण श्रीधर बेंद्रे, शंखो चौधुरी, के. जी. सुब्रमण्यन अशी माणसे तेथे शिकवीत होती. बेंद्रे 1966 पर्यंत राहिले, सुब्रमण्यन 1980 मध्ये शांतिनिकेतनास जाईपर्यंत. 1961 पासून तेथे मेळा भरू लागला. गुरू आणि शिष्य एका पंक्तीस बसून खेळणी करीत, ती विकीत, आणि आलेला पैसा विद्यार्थ्यांच्या कामी लावीत. सुब्रमण्यनांसारखा चित्रकार लाकडाची आणि चामड्याची जनावरे करीत बसला आहे, हा कार्यक्रम कोणत्या छापील पत्रिकेत मावेल?

त्याच आवारात मे 2007 मध्ये दोन सदरांची टक्करही झाली. परीक्षेसाठी मांडलेल्या कामांपैकी एका विद्यार्थ्याच्या चित्रांवरून बाहेरच्या मंडळींनी गोंधळ घातला. विद्यार्थ्याला अटक झाली. त्याच्या सहाध्यायांनी उत्तरादाखल भारतीय कलेतील शृंगारपरंपरेचे एक छोटे प्रदर्शन मांडले. ते बंद करा, असे प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला, आणि ते निलंबित झाले. चित्रे चांगली होती की वाईट हा वाद आम्ही करणार नाही; परीक्षकांपुढे ठेवलेली उत्तरपत्रिका रस्त्यावरच्या माणसाने तपासावी काय, एवढाच आमचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आमच्यापुरते ठाम आहे. प्रदर्शन हा कार्यक्रम होता. अधिष्ठात्यांनी आपली जागा पणाला लावून तो बंद करण्यास नकार दिला. जागेचा याहून चांगला उपयोग आम्हांस ठाऊक नाही.

आता वर्तमानाकडे यावे. आपल्या देशात घरे अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने देण्याची रीत आहे. तिचे कारण 1908 च्या नोंदणी कायद्यात सापडते: एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी करावी लागते, म्हणून महिना कमी. घरमालकांची ही युक्ती शिक्षणसंस्थांनी उचलली, आणि आता विद्वानही अकरा महिन्यांच्या बोलीने मिळतात. हे एका शहराचे वा एका विद्यापीठाचे दूषण नव्हे. देशभर हाच प्रकार. गुजरातेतील सरकारी तंत्रशिक्षण संस्थांत करारावर नेमलेल्या साहाय्यक प्राध्यापकांचे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले; तेच काम करणाऱ्या कायम सहकाऱ्यांच्या तुलनेने त्यांना तीस हजार रुपयांवर राबविले जात होते. ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाने त्यांना किमान मूळ वेतनश्रेणी देण्यास सांगितले, आणि सुनावलेही, की समारंभात गुरुमहिम्याचा श्लोक म्हणून भागत नाही, राष्ट्र शिक्षकांना वागवते कसे त्यात तो दिसला पाहिजे. निकालपत्रे वाचण्याच्या धंद्यात आम्ही वीस वर्षे घालविली. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्या पानाकडे वळावेसे वाटले अशी थोडीच. ते त्यांपैकी एक.

गेल्या पावसाळ्यात फोंड्याकडील एक तरुण ओळखीची चिठ्ठी घेऊन आमच्याकडे आला. संस्कृतचा विद्यावाचस्पती, मोडी वाचणारा, मराठीइतकीच कोंकणीत रमणारा. इकडील एका संस्थेने त्याला करारपत्र दिले होते. संस्थेचे नाव येथे अप्रस्तुत. पत्र आम्ही शिरस्त्याप्रमाणे शेवटच्या पानापासून वाचले. अकरा महिने, सुट्टीचे वेतन नाही, एक महिन्याच्या सूचनेने कोणत्याही पक्षाने करार संपवावा. सोबत जोडलेल्या कामांच्या यादीत मात्र चर्चासत्रे, सप्ताह, स्पर्धा, दिन असे वर्षभराचे बावीस कार्यक्रम होते, तारखांसह.

"आणि तुमचे स्वतःचे काम?" आम्ही विचारले.

त्याने पिशवीतून एक वही काढली. एका जुन्या घराण्याच्या मोडी दफ्तराची सूची त्याने करावयास घेतली होती. पहिले बारा रुमाल झाले होते. एकूण किती, असे विचारता म्हणाला, "दोनशेंच्या वर आहेत, काका. पाच वर्षे तरी लागतील."

"करार अकरा महिन्यांचा आहे."

"हय. आनी उपरांत?" तो आपल्याशीच बोलल्यासारखा कोंकणीत म्हणाला आणि हसला.

आम्ही त्यास सही करावयास सांगितले, कारण दुसरे काही सांगण्याजोगे आमच्यापाशी नव्हते, आणि दफ्तर ज्या गावी होते त्या गावाजवळ राहणे त्याला अवश्य होते. सूचीच्या हक्काविषयी एक कलम घालून घेण्याचा आग्रह तेवढा धरला. ते संस्थेने मान्य केले. मग त्याने दुसरा कागद पुढे केला. रावपुऱ्यात एक खोली ठरविली होती, तिचा भाडेकरार. तोही अकरा महिन्यांचा, पण महिनाभर उशिरा सुरू होणारा. म्हणजे नोकरी संपल्यावर एक महिना त्यास भाडे भरावे लागणार होते. तेवढी तारीख आम्ही घरमालकाशी बोलून बदलून घेतली.