चार नट आणि एक टाकी

परवा शनिवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीच्या चाकापाशी उकिडवा बसून पाना फिरवत होतो. वरच्या मजल्यावरचे काका दूध घेऊन येत होते. "काय, पंक्चर का?" म्हटलं, "नाही हो काका, नट बघतोय." काकांनी असं काही बघितलं, की जणू माझी नोकरी गेली आणि मी आता गॅरेज काढतोय!

तर मंडळी, आठवडाभर कीबोर्ड बडवणारा माणूस सुट्टीच्या दिवशी हातात पाना का धरतो, त्याची ही गोष्ट. घडली वारंगा फाट्यावर, गेल्या दिवाळीत.

वारंगा फाटा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नांदेडहून अर्धापूरमार्गे निघालं की साधारण 40 किलोमीटरवर, हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यात हा फाटा लागतो. इथून एक रस्ता हिंगोली, वाशीम, अकोल्याकडे जातो आणि दुसरा हदगाव, उमरखेड, यवतमाळ करत नागपूरकडे. त्यामुळे दिवसरात्र ट्रक, ट्रॅव्हल्स, एस्ट्या आणि आमच्यासारखी सणाला गावी निघालेली मंडळी. आणि हो, फाट्यावरची गरम खिचडी! ती खाल्ल्याशिवाय पुढे जायचं नसतं, असा आमच्याकडे अलिखित नियम आहे.

आम्ही नांदेडला मामांकडे मुक्काम करून उमरखेडला, म्हणजे माझ्या सासरवाडीला निघालो होतो. आमची पेट्रोल गाडी पुण्यात कामाला लावलेली, म्हणून मेव्हण्याची जुनी डिझेल गाडी मागून आणली होती. पुढे मी आणि सौ., मागे आई आणि सहा वर्षांची कन्या. अर्धापूर मागे टाकलं आणि डावीकडचं पुढचं चाक बसलं.

आता स्टेपनी बदलणं म्हणजे काय मोठं रॉकेट सायन्स? इंजिनियर आहोत आपण! (सॉफ्टवेअरचे का असेना.) जॅक लावला, नट खोलले, स्टेपनी चढवली. शेजारून ट्रक असे जात होते की गाडी हलायची. आई म्हणत होती, "आवर रे लवकर," कन्येला भूक लागली होती. चाक हवेत असतानाच एकामागून एक, गोल फिरत चारही नट आवळले. हवेतलं चाक नटाबरोबर फिरायला लागलं तेव्हा थांबलो. जॅक उतरवला, डिकीत टाकला आणि निघालो. खाली उतरवल्यावर पुन्हा एकदा पाना लावायचा असतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मनात म्हटलं, झालं असेल घट्ट.

हे "असेल" लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

फाटा दोन-तीन किलोमीटरवर आला तेव्हा टक्-टक् आवाज यायला लागला. सौ. म्हणाल्या, "काहीतरी वाजतंय." मी म्हटलं, "रस्ता खराब असेल." स्टिअरिंग किंचित थरथरत होतं. म्हटलं, स्टेपनीत हवा कमी असेल. तसेच फाट्यावर पोचलो आणि खिचडीच्या हॉटेलासमोर गाडी लावली. शेजारीच एक टायरवाले म्हातारे काका हवेच्या मशीनजवळ बसले होते. गाडी थांबेपर्यंत त्यांनी नुसता आवाज ऐकला होता. उठून आले, चाकापाशी वाकले आणि दोन बोटांनी, हो, दोन बोटांनी, एक नट फिरवून दाखवला.

"कुणी बसिवलं हे चाक?"

"मीच."

"मंग बरं झालं थांबलाव." एवढंच म्हणाले आणि पाना आणायला गेले.

मी मागे बघितलं. आई कन्येचे केस नीट करत होती. मला एकदम घाम फुटला.

नंतर उमरखेडला त्या रात्री झोप येईना तेव्हा आकडेमोड केली. अशा गाडीचं चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे 500 फेरे घेतं. पंक्चरच्या जागेपासून फाटा 15 किलोमीटर धरला, तर साडेसात हजार फेरे. माझी आजवरची समजूत अशी, की स्टडवर चाक टांगलेलं असतं आणि नट ते निसटू देत नाही, खुंटीवर पिशवी टांगावी तसं. तर तसं नाहीये! नट आवळला की स्टड स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि चाकाला हबवर दाबून धरतो. या दाबामुळे जे घर्षण तयार होतं, ते गाडीचं वजन आणि ब्रेकचा जोर पेलतं. नट ढिला पडला की दाब गेला. मग चाक हबवर सरकायला लागतं आणि दर फेऱ्याला स्टड थोडा वाकतो, परत सरळ होतो. तार पुढेमागे वाकवून आपण कशी तोडतो? अगदी तसंच. माझ्या चार स्टडना मी हजारो वेळा वाकवत आणलं होतं. आणि नट गळून पडायच्या आधी स्टडच तुटू शकतात.

काकांनी काय केलं ते मी नीट बघितलं, तुम्हालाही सांगतो. हँडब्रेक बघितला, मागच्या चाकाला दगड लावला, मग जॅक. चाक पूर्ण काढलं. हबवर आणि चाकाच्या आतल्या बाजूला गंज आणि माती होती, ती तारेच्या ब्रशने घासली. कारण मधे माती राहिली की ती पुढे चालताना चेपते, झडते आणि आवळलेला नट आपोआप ढिला होतो. चारही स्टड हलवून, आटे बघून घेतले. मग चाक चढवून चारही नट आधी हाताने फिरवले, निमुळती बाजू आत. "आधी हातानं. हातानं जात नसंल तर पान्यानं घालायचं नाही, आटे जातेत." मग पाना, पण गोल नाही, समोरासमोर: एक, त्याच्या समोरचा, मग उरलेल्या दोनांतला एक, मग त्याच्या समोरचा. थोडं थोडं. गोल आवळत गेलं की चाक एका बाजूला तिरकं बसतं आणि शेवटचा नट घट्ट लागला तरी तो फसवत असतो. मग जॅक उतरवून, टायर जमिनीला टेकल्यावर, शेवटचं आवळणं.

मी आपला उत्साहाने म्हटलं, "काका, पान्यावर उभा राहू का?" काका हसले. "स्टड तोडायचाय का?"

त्याचंही गणित बघा. छोट्या गाड्यांचे नट साधारण 85 ते 110 न्यूटन मीटरला आवळायचे असतात (तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो). 25 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला 40 किलोचा जोर दिला की जवळजवळ 100 होतात. म्हणजे धडधाकट माणसाचा हाताचा नीट जोर पुरे. आणि 70 किलोचा माणूस 30 सेंटिमीटरच्या पान्यावर उभा राहिला तर? 200 च्या वर! ढिला नट वाईट तसाच अति आवळलेलाही वाईट. स्टड कायमचा ताणला जातो आणि पुढच्या पंक्चरला रस्त्यात तो नट सुटत नाही ते वेगळंच. आट्यांना ऑइल-ग्रीस लावायचा मोहही आवरा. नट सुळकन फिरतो आणि तेवढ्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो.

निघताना काका म्हणाले, "उमरखेडला पोचल्यावर पुन्यांदा पाना लावा." स्टेपनीतली हवा भरून, पंक्चर काढून त्यांनी जेवढे झाले तेवढेच पैसे घेतले. मी जास्त द्यायला लागलो तर म्हणाले, "खिचडी खावा, थंड व्हायली."

आता तुम्हाला वाटेल, एवढं झाल्यावर माणूस सावध होईल. छे!

खिचडी खाऊन पुढच्या पंपावर डिझेलला थांबलो. डोक्यात अजून ते दोन बोटांनी फिरलेलं नट. पोऱ्याने विचारलं, "पेट्रोल?" आणि मी, आठ वर्षं पेट्रोल गाडी चालवणारा, सवयीने म्हणालो, "हो, फुल करा." त्याने नळी काढली, झाकण उघडलं, आणि मागून आईचा आवाज आला, "अरे, ही गाडी डिझेलची नव्हे का? सकाळपासून भर्रर्र वाजतीये!"

माझ्या मातोश्रींना गाडी चालवता येत नाही. पण त्या क्षणी गाडीत शुद्धीवर असलेल्या त्या एकट्याच होत्या.

यात एक गंमत आहे. डिझेलची नळी जाड असते, ती आताच्या पेट्रोल गाडीच्या तोंडात सहसा जातच नाही. पण पेट्रोलची बारीक नळी डिझेल गाडीच्या रुंद तोंडात आरामात जाते. म्हणजे जी चूक जास्त महाग, तीच करायला जास्त सोपी! आजच्या डिझेल इंजिनातला पंप हजार बारच्या वर दाब तयार करतो आणि त्याच्या आतल्या भागांना वंगण मिळतं ते डिझेलचंच. पेट्रोल त्या वंगणाचं काम करत नाही. धातू धातूवर घासतो, कीस निघतो आणि तो इंजेक्टरपर्यंत पोचतो. म्हणून असं कधी झालंच तर एकच नियम: गाडी सुरू करायची नाही. किल्लीसुद्धा फिरवायची नाही, कारण बऱ्याच गाड्यांत तेवढ्यानेच टाकीतला पंप चालू होतो. ढकलून बाजूला घ्या, टाकी रिकामी करून घ्या. खर्च होईल, पण इंजिन वाचेल.

पंपावरून निघालो तर पुढे उसाच्या ट्रॉल्या. त्या बघून पेट्रोलवाल्यांचा विषय आठवला, कारण या उसाचा थोडा अंश आता आपल्या टाकीत येतो. 2025 मध्ये देशात पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट गाठलं गेलं आणि पंपावरचं साधं पेट्रोल आता बहुतेक ठिकाणी हेच, म्हणजे ई-20. लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश. त्यामुळे मायलेज थोडं कमी होणारच. सरकारचाच अंदाज आहे की ई-10 साठी बनवलेल्या आणि ई-20 ला जुळवलेल्या गाडीत 1 ते 2 टक्के, बाकीच्यांत 3 ते 6 टक्के. एप्रिल 2023 पासूनच्या गाड्यांचे भाग ई-20 ला चालणारे आहेत. त्याआधीची गाडी असेल तर घाबरून जाऊ नका, पण सर्व्हिसिंगला इंधनाचे रबरी पाइप आणि गास्केट आठवणीने बघायला सांगा, आणि गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नका, कारण इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. आपल्या गाडीला काय चालतं ते मॅन्युअलमध्ये असतं, पुष्कळदा टाकीच्या झाकणाच्या आतही लिहिलेलं असतं. आपण ते वाचत नाही एवढंच.

आणि ते महागडं 100 ऑक्टेन? ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, इंधन वेळेआधी न पेटण्याची क्षमता. तुमच्या इंजिनाने मागितलं असेल तर जरूर घाला. साध्या गाडीत घातलं तर हलकं होतं ते फक्त पाकीट. साध्या पेट्रोलचं ऑक्टेन किमान 91 होतं, 20 टक्के इथेनॉलमुळे ते 95 पर्यंत गेलं आहे. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला ते पुरेसं आहे.

असो. ऑफिसात मी दोन ओळींचा बदल कुणी दुसऱ्याने बघितल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. ज्युनियर पोरं म्हणतात, "सर, चालत असेल," तर मी त्यांना ऐकवतो की "असेल" हे टेस्टिंग नव्हे. आणि जिथे आई, बायको, पोरगी गाडीत बसलेली, तिथे मी एका तासात तीनदा "असेल" म्हणालो आणि चौथ्यांदा तर तेवढंही न म्हणता "हो, फुल करा" म्हणून मोकळा झालो. माहिती सगळी होती, फक्त बघितलं नाही.

उमरखेडला पोचल्यावर सासरेबुवा दारात स्वागताला आले, तर जावई चाकापाशी वाकलेले! काकांनी एवढं नीट आवळलेलं, तरी दोन नट पाव पाव फेरा फिरले. म्हणजे काकांचं काम कच्चं नव्हतं. नवीन बसवलेलं चाक थोडं चालल्यावर बसतंच, म्हणून तर "पुन्यांदा पाना लावा" म्हणाले होते.

तेव्हापासून टायर काढला-बसवला की 50-100 किलोमीटरनंतर मी स्वतः पाना लावतो. परवाचं कारणही तेच, गुरुवारी टायर बदलले होते. चारही चाकांना मिळून दहा मिनिटं लागतात. पंपावर काच खाली करून आधी इंधनाचं नाव घेतो, मग रुपये सांगतो, आणि नळी आत जाईपर्यंत फोन खिशात.

वरच्या काकांना हे सगळं सांगितलं. ते दूध घेऊन वर गेले आणि पाच मिनिटांनी परत खाली आले. म्हणाले, "झालं असेल तुझं, तर जरा तो पाना दे. गेल्या आठवड्यात मीही पंक्चर काढलंय."

पाना दिला. चिमणीएवढा आवाज करत पहिलाच नट फिरला.