समुद्राकाठचा वाटा

आपल्या घरातून प्रवास होतो तो दीक्षाभूमीला, चैत्यभूमीला नाहीतर लग्नकार्याला. नुसते पाहण्यासाठी कुठे जाणे आपल्याला चैनीचे वाटते. आमच्या आईने समुद्र पाहिला होता तो ६ डिसेंबरच्या गर्दीत, लोकांच्या खांद्यांवरून. २०२३ साली महिलांना एस.टी.चे अर्धे तिकीट झाले, तेव्हा आम्ही ठरवले, आईला समुद्र निवांत दाखवायचा.

आजरा, आंबोलीचा घाट, सावंतवाडी करीत आम्ही वेंगुर्ले तालुक्यातील शिरोड्याला पोहोचलो. एका घरगुती खोलीत उतरलो. आडनाव विचारतील ही धास्ती मनात होतीच. घरमालकिणीने विचारले एवढेच, मासे खाता ना?

लोक येथे येतात ते वेळागरची वाळू आणि सुरूचे बन पाहायला. आम्हाला मात्र मिठागरांनी धरून ठेवले. भरतीचे पाणी आत घ्यायचे, टप्प्याटप्प्याने आटवायचे, शेवटी उथळ वाफ्यात उन्हाने मीठ धरते. पावसाळ्यापूर्वी हे काम उरकावे लागते. येथेच १९३०च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला. पुढे कोल्हापूरकर झालेले वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ याच गावी शिक्षक होते. आम्ही हे सांगत होतो; आईचे लक्ष मात्र मीठ ओढणाऱ्या बाईच्या पायांकडे होते. ती म्हणाली, "भाकरीवर चिमूटभर घेतो आपण. पर ह्या पायांच्या भेगांत रोज मीठ जातंय रं."

दुसऱ्या दिवशी पहाटे किनाऱ्यावर रापण लागली होती. होडीतून अर्धगोल जाळे टाकतात आणि त्याचे दोन दोर किनाऱ्यावरून दोन बाजूंची माणसे ओढतात. माणसे कमी होती. आम्ही दोराला हात लावला, मुलांनी लावला, पदर खोचून आईनेही लावला. कोण कुठले, कोणी विचारले नाही. तासाभराने जाळे काठाला आले. बांगडे, तारल्या चमकू लागल्या.

निघालो तर एका म्हाताऱ्या मच्छीमाराने हाक मारून आईच्या ओच्यात मूठभर बांगडे टाकले. आम्ही पैसे काढले. तो म्हणाला, दोर ओढला त्याचा हा वाटा.

आई तिथेच वाळूत बसली. तिच्या आईने दारोदार भाकरी मागून पोरे जगवली होती. डोळे पुसून ती म्हणाली, "ह्यो वाटा मागून न्हाई, वढून मिळाला."

वाचकहो, खर्चाचा हिशेब आम्ही कारकुनी सवयीने वहीत मांडला आहे. त्या बांगड्यांपुढे मात्र रक्कम लिहिता आली नाही. एकदा आपल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाऊन या. आणि दोर दिसला तर हात लावा.